लोणीच्या माळावर तुटलेली बोलणी

हडपसर मागे पडलं की सोलापूर रस्त्यावर तेलाच्या टँकरांची वर्दळ वाढते आणि लोणी काळभोर येतं. बहुतेकांना हे गाव तुकोबांच्या पालखीच्या मुक्कामामुळे ठाऊक. इथल्या राजबागेत आता विश्वशांतीचा घुमट उभा आहे, १६० फूट व्यासाचा, २०१८ साली खुला झालेला. त्याच्यासमोर उभं राहून मी हडपसरकडे पाहत होतो. २३ ऑक्टोबर १८०२ रोजी लोणी-हडपसरच्या दरम्यान यशवंतराव होळकरांची फौज उतरली, तेव्हा लढाई टळण्याची आशा अजून होती.

यशवंतरावांचं मागणं अवाजवी नव्हतं. भाऊ विठोजीला १८०१ मध्ये पुण्यात हत्तीच्या पायी दिलं होतं, तो काही परत येणार नव्हता. पण पुतण्या खंडेराव शिंद्यांच्या कैदेत होता. त्याला सोडा, होळकरांची दौलत परत द्या, एवढंच. पेशवे दुसऱ्या बाजीरावांचं उत्तर होतं, आधी गोदावरीपलीकडे जा. फौज मागे नेली तर शब्द पाळायला लावणार कोण, ही यशवंतरावांची शंका. आधी दिलं तर फौज हटेलच कशावरून, ही बाजीरावांची. त्यात जे द्यायचं ते पेशव्यांच्या हाती नव्हतंच. खंडेराव दौलतराव शिंद्यांच्या ताब्यात आणि पुण्याचं रक्षणही शिंद्यांच्याच पलटणींकडे. निवाडा करणारा धनी एका पक्षाच्या आश्रयाला गेलेला. माझ्या मते बोलणी तिथेच संपली होती, वकिलांच्या खेपा कितीही होवोत.

१९८७ चा भारत-श्रीलंका करार इथे आठवतोच. सह्या राजीव गांधी आणि जयवर्धने यांच्या. शस्त्रं खाली ठेवायची तमिळ वाघांनी, आणि त्यांची सही नव्हती. काही महिन्यांत भारताची शांतिसेनाच त्यांच्याशी लढू लागली. तिथे भाषा आणि वंशाचं वैर, इथे एकाच राज्याचे सरदार. पण आधी पाऊल कुणी टाकायचं आणि हमी कुणाची, हा पेच दोन्हीकडे तोच.

२५ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, हडपसरला तोफा धडाडल्या. शिंदे-पेशव्यांची फौज मोडली, बाजीराव पुणं सोडून पळाले. जिंकल्यावरही यशवंतरावांनी समेटाची खटपट सोडली नाही. इंग्रजांचे रेसिडेंट कर्नल क्लोज यांनी मध्यस्थी करावी म्हणून गळ घातली. इंग्रजांनी हमी दिली ती बाजीरावांना. ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला. पेशव्यांच्या पदरी कंपनीची सहा हजारांची कायम फौज आली आणि तिच्या खर्चापोटी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावा लागला.