बालाघाटाची दैनंदिनी : दिवस दुसरा, अंबाजोगाई

अंबाजोगाई हे बीड जिल्ह्यातले तालुक्याचे गाव बालाघाटाच्या डोंगररांगेत, जयवंती नदीच्या काठी वसले आहे. निजामी राजवटीत त्याचे सरकारी नाव मोमिनाबाद होते आणि हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी इथे होती. लोकांच्या तोंडी मात्र ते ‘जोगाईचे आंबे’ किंवा नुसते ‘आंबे’ राहिले. गावात विद्यापीठ नाही. इथली कला-विज्ञान शाखांची महाविद्यालये १९५८ साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाला, म्हणजे आताच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. तरीही मराठवाड्यात शिक्षणाचे गाव म्हटले की अंबाजोगाईचे नाव निघते आणि त्याला ‘मराठवाड्याचे पुणे’ म्हणतात. या लौकिकाची मुळे महाविद्यालयांच्या इमारतींपेक्षा फार जुनी आहेत.

पहिल्या दिवशीचा परळीचा मुक्काम आटोपून प्रवासातले पती-पत्नी पौषातल्या सकाळी एसटीने इथे उतरले. अंतर सुमारे २५ किलोमीटर. रस्त्याकडेच्या माळांवर सीताफळीची झुडपे पाने गाळून उभी होती. शेतांत ज्वारी निसवलेली होती. पत्नीच्या माहेरची कुलदेवता योगेश्वरी, तर पती मराठीचे निवृत्त शिक्षक. तिला ओटी भरायची होती, त्यांना मुकुंदराजांची समाधी पाहायची होती. देवीचे दर्शन आधी, यावर दोघांचे एकमत होते.

सकाळ : देऊळ आणि लेणी

योगेश्वरीचे देऊळ नदीकाठी, जुन्या वस्तीत आहे. कोकणस्थ ब्राह्मणांपैकी अनेक घराण्यांची ही कुलदेवता आहे. समुद्रकाठच्या लोकांची देवी इतक्या दूर बालाघाटावर कशी, याचे उत्तर परंपरा एका कथेने देते : परशुरामाने कोकणात वसवलेल्या तरुणांसाठी आंब्याच्या मुली मागितल्या आणि गावाने अट घातली की मुलींबरोबर त्यांची देवीही त्या घरांत पुजली जावी. कथेचा इतिहास शोधता येत नाही, पण तिचा परिणाम आजही दिसतो. लग्न झालेली नवी जोडपी रत्नागिरी-पुण्याहून इथे येतात आणि देवळाच्या आवारात कोकणी व मराठवाडी बोली शेजारी शेजारी ऐकू येतात. शारदीय नवरात्राइतकाच इथला मार्गशीर्षातला उत्सव मोठा असतो. तो पौर्णिमेला संपतो. पौषात गर्दी ओसरलेली असल्यामुळे दर्शन निवांत झाले.

देवी कुमारिका मानली जाते. तिचे लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरले होते, पण मुहूर्त टळला आणि वऱ्हाड जागीच दगड झाले, अशी दुसरी कथा आहे. हे वऱ्हाड पाहायचे तर नदीकडच्या लेण्यांत जावे लागते. शिवलेणी किंवा जोगाईचा मंडप अशी त्यांची नावे आहेत, पण गावात ‘हत्तीखाना’च म्हणतात. खडकात खोदलेले अंगण, त्यात मोठे दगडी हत्ती, भोवती कोरीव खांबांचे मंडप आणि भिंतींवर देवदेवतांच्या मूर्ती अशी ही रचना आहे. अभ्यासक हे खोदकाम अकराव्या शतकातल्या परमार राजा उदयादित्याच्या काळाशी जोडतात. मंडपाच्या खांबांवरून हात फिरवला की दगडाची खरखर लागते. वेरूळच्या तोडीची झिलई इथे नाही. पण वेरूळला न मिळणारी एक गोष्ट इथे मिळते : आसपास कोणीही नसताना लेणे पाहण्याची सवड.

दुपारआधी : खोलेश्वराचे आंबे

तेराव्या शतकात देवगिरीचा यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर आंब्याचा अधिकारी होता. तो मूळचा विदर्भाकडचा. लढायांइतकाच तो अग्रहारांसाठी ओळखला जातो. विद्वान कुटुंबांना चरितार्थासाठी जमीन देऊन वसवलेले गाव म्हणजे अग्रहार, आणि अमरावती जिल्ह्यातले खोलापूर हे त्याच्याच नावाचे. सिंघणाचा काळच विद्येला आश्रय देणारा होता. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चाळीसगावजवळच्या पाटण्याला मठ काढला आणि शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ याच दरबारात लिहिला. आंब्याची विद्यापरंपरा या पार्श्वभूमीवर पाहिली तरच नीट कळते.

सकलेश्वर मंदिर शके ११५० म्हणजे इसवी सन १२२८ चे आहे. शिल्लक खांबांमुळे लोक त्याला बाराखांबी म्हणतात. राज्याच्या पुरातत्त्व विभागाने अलीकडे केलेल्या उत्खननात या आवारात आणखी दोन मंदिरांचे पाये उघडे पडले. शके ११६२ (१२४०) च्या शिलालेखाची हकीकत अधिक हृदयस्पर्शी आहे. खोलेश्वराचा मुलगा राम गुजरातेवरच्या स्वारीत मारला गेला. त्याची बहीण लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ रामनारायणाचे मंदिर उभारले आणि त्याची नोंद संस्कृतात कोरली गेली. मध्ययुगीन लेखांत स्त्रिया बहुधा राण्या किंवा माता म्हणून येतात. इथे एक बहीण बांधकामाची कर्ती म्हणून उभी आहे, आणि अंबाजोगाईला येणाऱ्या प्रत्येकाने तिचे नाव लक्षात ठेवावे अशी तिची योग्यता आहे.

दुपार : दासोपंतांचे देवघर

दासोपंत (१५५१–१६१५) हे दत्तभक्त कवी. त्यांचा जन्म बिदरकडचा, कर्मभूमी आंबे. ‘गीतार्णव’ या त्यांच्या गीताटीकेच्या ओव्या परंपरेने सव्वा लाख मानल्या जातात. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे नऊ हजार आहेत, हे ध्यानात घेतले की या कामाचा आवाका कळतो. गीतेच्या ७०० श्लोकांवर एका माणसाने एवढे लिहिले ते केवळ भक्तीने नव्हे. व्याकरण, वेदान्त आणि शब्दांवरची हुकमत यांच्या जोडीला रोज लिहायला बसण्याची शिस्तही त्यामागे आहे.

त्यांची दुसरी कृती पाहण्याची वस्तू आहे. ‘पासोडी’ म्हणजे जाड कापडाचा पट. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा पटावर दासोपंतांनी पंचीकरण लिहिले. ओव्या सुमारे १६००. पंचीकरण हा वेदान्तातला सृष्टिरचनेचा विचार आहे : पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश ही पाच सूक्ष्म भूते एकमेकांत मिसळून स्थूल होतात. प्रत्येक स्थूल भूतात निम्मा भाग त्याचा स्वतःचा असतो आणि उरलेल्या निम्म्यात इतर चौघांचा प्रत्येकी एक अष्टमांश. असा विषय पोथीच्या सुट्या पानांवर विखुरतो. लांब पटावर तो सलग नजरेखाली राहतो. पासोडी हा शिकवण्यासाठी केलेला तक्ताच असावा, असे ती पाहताना वाटते, आणि वर्गात तक्ते टांगण्यात उमेद घालवलेल्या शिक्षकाला त्याचे अप्रूप वाटणे साहजिक आहे.

दासोपंतांच्या वंशाची थोरले देवघर आणि धाकटे देवघर अशी दोन पूजास्थाने गावात आहेत. ती संग्रहालये नव्हेत, नित्य पूजा चालणारी घरे आहेत. म्हणून आधी विचारून, घरच्यांच्या सवडीने जावे. जेवायला ज्वारीची भाकरी, पिठले आणि हिरव्या मिरचीचा ठेचा मिळाला. पौषात सोबत हुरडाही मिळतो, तो सोडू नये.

तिसरा प्रहर : मुकुंदराजांची समाधी

गावाबाहेर डोंगराच्या खोल दरीत मुकुंदराजांचे समाधिस्थान आहे. उतार बराच आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्यावी आणि ऊन कलल्यावर उतरावे. ‘विवेकसिंधू’ हा त्यांचा ग्रंथ शके १११० म्हणजे ११८८ चा मानला जातो. तो ज्ञानेश्वरीच्या (शके १२१२) शंभर वर्षे आधीचा ठरतो, म्हणून मुकुंदराजांना मराठीचे आद्यकवी म्हणतात. ग्रंथाच्या भाषेवरून काही अभ्यासक त्याचा काळ पुढे आणतात. विदर्भातले वैनगंगेकाठचे आंभोरेही मुकुंदराजांवर हक्क सांगते. हा वाद खुला आहे आणि तो खुला ठेवणेच बरे. वादापलीकडची गोष्ट अशी की शंकराचार्यांच्या परंपरेतला अद्वैत वेदान्त संस्कृत न जाणणाऱ्या माणसाला मराठीत समजावून सांगण्याचे धाडस या ग्रंथाने केले. पती समाधीपाशी बराच वेळ बसले. पत्नीने खालच्या झऱ्याचे पाणी तोंडावर घेतले आणि वर चढण्याआधी दोघांनी शिदोरीतले शेंगदाणे-गूळ खाल्ले.

संध्याकाळ : शाळा, महाविद्यालये आणि सभामंडप

आधुनिक अंबाजोगाईची घडण विसाव्या शतकातली आहे. हैदराबाद संस्थानात उच्च शिक्षण उर्दूतून होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही तेच. मराठी मुलांना मातृभाषेतून शिकवायचे तर खासगी शाळा चालवावी लागे, आणि सरकार अशा शाळांकडे संशयाने पाही. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून स्वामी रामानंद तीर्थ १९३५ मध्ये इथे आले आणि योगेश्वरीच्या नावाने चाललेल्या शाळेचे मुख्याध्यापक झाले. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी त्यांच्याबरोबर होते. १९३८ साली स्वामीजींनी स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू केला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले तेव्हा ते त्या लढ्याचे सर्वमान्य नेते होते. शाळेत तयार झालेली मुले लढ्यात उतरली, आणि लढा संपल्यावर तीच पिढी शिक्षणसंस्था वाढवू लागली. नांदेडच्या विद्यापीठाला १९९४ मध्ये स्वामीजींचे नाव मिळाले. अंबाजोगाईचे ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९७४ चे. त्यालाही त्यांचेच नाव आहे. त्याच्या रुग्णालयात आसपासच्या तालुक्यांतले ऊसतोड कामगार आणि शेतकरी येतात. बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यात लहान गावाला वैद्यकीय महाविद्यालय मिळणे ही साधी गोष्ट नव्हती.

दिवेलागणीला दोघे महाविद्यालयाच्या रस्त्याने हिंडले. खानावळींच्या पाट्या, झेरॉक्सची दुकाने, वह्या कवटाळून परतणाऱ्या मुली, अभ्यासिकांचे उघडे दरवाजे. हे गाव ऐकण्याचेही शौकीन आहे. १९८३ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन व्यंकटेश माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली इथे भरले होते, आणि दर नोव्हेंबरात होणाऱ्या यशवंतराव चव्हाण स्मृती समारोहात व्याख्याने, शास्त्रीय संगीत आणि शेतकऱ्यांचे परिसंवाद एकाच मंडपात होतात.

मुक्कामाला बसस्थानकाजवळची साधी लॉज पुरते. तिसऱ्या दिवशीचा मार्ग धर्मापुरीचा : तिथले केदारेश्वराचे मंदिर आणि किल्ला. त्यासाठी सकाळची पहिली एसटी धरावी.