पुणतांब्याच्या घाटावर



दौंड-मनमाड रेल्वेने जाताना पुणतांबा लागते. शिर्डीचा फाटा इथूनच फुटतो, म्हणून पुष्कळांना हे गाव स्टेशनच्या पाटीपुरतेच ठाऊक असते. तुम्ही मात्र एकदा मुद्दाम उतरा. गावात या आणि गोदावरीच्या काठी अहिल्यादेवी होळकरांनी बांधलेल्या घाटावर घटकाभर बसा. काळी भारी जमीन, ऊस, कांदा असा हा मुलूख आहे. याच गावात चांगदेव महाराजांची समाधी आहे.

चांगदेवांची गोष्ट तुमच्या आजीने सांगितलेली असेलच. चौदाशे वर्षे जगलेला योगी, वाघावर बसून, हाती सापाचा चाबूक घेऊन ज्ञानदेवांच्या भेटीला निघाला. शेवटी गुरू केले ते कोणाला? लहानग्या मुक्ताबाईला! एवढा मोठा सिद्धपुरुष, पण शिकायची वेळ आली तेव्हा लहान पोरीपुढे वाकला. ही गोष्ट ध्यानात ठेवा. आज मला जे सांगायचे आहे ते तिच्यातच आहे.

मी शेतीखात्याचा माणूस. बियाणे, खते, फवारणी हे माझे काम. मग हा गृहस्थ दवाखान्याच्या गोष्टी का सांगतो, असे तुम्ही विचाराल. त्याला कारण आहे, आणि ते सांगताना मला आजही संकोच वाटतो.

काही वर्षांपूर्वी या पट्ट्यात कांद्यावर फुलकिडे फार आले होते. मी एका वस्तीवर गेलो, औषध सांगितले, पंपाला किती मिली घ्यायचे ते सांगितले आणि घाईने पुढच्या गावी निघालो. तोंडाला फडके बांधा, हातमोजे घाला, वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका, हे सांगायचे राहून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथला एक तरणा पोरगा बांधावरच कोसळला. दरदरून घाम, तोंडातून लाळ, उलट्या. कोणी म्हणे ताक पाजा, कोणी म्हणे कांदा हुंगवा. मी बातमी ऐकून पोहोचलो, पण मला काही सुचेना.

एवढ्यात वस्तीवरची आशाताई धावत आली. तिने तोंडात काही घालू दिले नाही. आधी स्वतःच्या हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या. पोराचे भिजलेले कपडे काढायला लावले, साबण आणि भरपूर पाण्याने त्याचे अंग धुतले, त्याला कुशीवर निजवले आणि औषधाची बाटली पिशवीत घालून गाडीत बरोबर दिली. डॉक्टरांनी बाटलीवरचे नाव वाचले आणि लगेच इंजेक्शने सुरू केली. पोरगा वाचला. डॉक्टर नंतर म्हणाले, "अंग धुतले नसते तर विष कातडीतून आत जातच राहिले असते."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी पदवी घेतलेला, ती दहावीपर्यंत शिकलेली. पण वेळेला उपयोगी पडली ती.

अशी बाई गावातच तयार होऊ शकते, हे फार आधी दाखवून दिले ते आपल्याच जिल्ह्याने. या घाटाच्या अहिल्यादेवींचे जन्मगाव चौंडी, तालुका जामखेड. त्या दुष्काळी जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपे आले. वेल्लोरला शिकलेले, अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतलेले. त्यांनी आधी खेड्यांत शिकलेल्या परिचारिका नेमून पाहिल्या. ते जमले नाही. परक्या बाईजवळ गावच्या बाया मन मोकळे करीनात. मग त्यांनी गावालाच सांगितले, तुमच्यातली एक बाई निवडून द्या. पुष्कळ जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित वस्तीतल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत. बाळंतपण, पोरांचे वजन, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी, लसी, क्षय, कुष्ठरोग असे एकेक शिकून घेत आणि गावी जाऊन करून दाखवीत. १९७१ साली तिथे हजारी १७६ बाळे वर्षाच्या आत दगावत. १९७६ साली तो आकडा ५२ वर आला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

याचे तुम्हाला नवल वाटू नये. मी दहा सभा घेऊन जे वाण तुमच्या गळी उतरत नाही, ते शेजाऱ्याच्या रानात डोलताना दिसले की तुम्ही न सांगता पेरता. आरोग्याचेही तसेच आहे.

याच जामखेडच्या मुक्ताबाई पोळ १९८८ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत जगभरच्या जाणत्यांपुढे बोलल्या. मोठी झुंबरे सुंदर असतात, पण महाग असतात. आमची पणती मात्र एकीवरून दुसरी लावता येते, अशा अर्थाचे त्यांनी सांगितले. चांगदेवांना शिकवणारीही मुक्ताबाईच होती!

मग डॉक्टर नकोत का? असे मुळीच नाही. विष उतरवणारे इंजेक्शन शेवटी डॉक्टरांनीच दिले. पण गावचा डॉक्टर गाव पाहूनच घडतो. आपल्या राहाता तालुक्यात लोणीला १९८४ साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले, ते याच विचाराने. आता तर २०२१-२२ च्या तुकडीपासून देशभर नियम आहे की डॉक्टरकी शिकणाऱ्या प्रत्येक मुलाने खेड्यातली काही कुटुंबे दत्तक घ्यावीत आणि त्यांच्याकडे वेळोवेळी जावे. असा एखादा पोरगा वही घेऊन तुमच्या ओट्यावर आला तर "सगळं ठीक आहे" म्हणून त्याला वाटेला लावू नका. चहा द्या आणि खरे सांगा. पाणी कुठले पिता, फवारणीचा पंप कुठे धुता, सूनबाई शेवटी जेवते का, म्हातारीच्या गोळ्या मध्येच का बंद झाल्या. हे त्याच्या पुस्तकात नाही. तो ते तुमच्याकडूनच शिकेल.

१ जून २०१७ ला शेतकऱ्यांचा संप सुरू झाला तो पुणतांब्यातून. एकी काय करते हे या गावाला मी सांगायला नको. तुमच्या गावीही पुढच्या ग्रामसभेत हा एक विषय घ्या. साप चावला, विषबाधा झाली, बाळंतीण अडली, तर पहिल्या तासात कोण काय करील, १०८ ला कोण फोन लावील, गाडी कोणाची, हे आशाताईला पुढे बसवून ठरवा. तिचे शब्द ऐका. तिला वेळेवर मानधन मिळते का, तेही विचारा.

मी माझ्यापुरते ठरवले आहे. आता कोणत्याही वस्तीवर फवारणीचे प्रात्यक्षिक असले की मी आधी तिथल्या आशाताईला निरोप धाडतो. पहिली दहा मिनिटे ती बोलते. औषध किती मिली, ते मी नंतर सांगतो.