घट्ट बसलेली कडी

आमच्या काचेच्या कपाटात, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबश्यांच्या मागे, आजोबांचा कॅमेरा असे. जर्मन बनावटीचा, घडीचा. कळ दाबली की झाकण उघडून पेटीसारखा काळा भाता घेऊन भिंग पुढे यायचे. १९६८ साली शाळेत नोकरी लागल्यावर एका फोटोग्राफरकडून त्यांनी तो जुनाच, हप्त्याने घेतला होता. तेव्हा गावात कोणाकडे कॅमेरा असलाच तर तो बहुधा आग्फा क्लिक-थ्री. त्यात अंतर जुळवायचा प्रश्नच नसे. आजोबांच्या कॅमेऱ्यात मात्र भिंगाची कडी फिरवून अंतर लावावे लागे. १२०च्या एका रिळात फोटो फक्त १२, म्हणून आमच्या अल्बमात उगाच काढलेला फोटो सापडत नाही. पुढे केव्हातरी त्यांनी कॅमेरा ठेवून दिला. का, हे कोणी विचारले नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी तो बाहेर काढला. कडी हलेना. आजोबा म्हणाले, "राहू दे रे, गेलं त्याचं आयुष्य." मी 'हो' म्हणालो आणि दुपारी ते झोपल्यावर माळ्यावर जाऊन बसलो.

स्टीलच्या ताटात पांढरे फडके अंथरले. घड्याळजीकडून आणलेल्या पेचकसाने कडीचे तीन स्क्रू सैल केले. एकेक स्क्रू मोहरीपेक्षा लहान! त्यांतला एक उडालाच. शेवटी बॅटरी जमिनीलगत आडवी धरली, तेव्हा त्याची लांबट सावली दिसली आणि जिवात जीव आला.

दोष आट्यांत होता. पुढच्या भिंगाच्या पितळी आट्यांतले वंगण सुकून लाखेसारखे झाले होते. जोर केला असता तर सगळेच मोडले असते. लायटरच्या पेट्रोलचे थेंब सोडायचे, थांबायचे, केस वाळवायच्या यंत्राने ऊब द्यायची, पुन्हा थांबायचे. असे चार दिवस चालले. पाचव्या दिवशी भिंग केसभर सरकले. परीक्षेच्या निकालानेही मला इतका आनंद कधी दिला नव्हता.

आटे पुसून नवे वंगण अगदी थोडे लावले. मग फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपर ताणून बसवला. धाकटी बहीण शटर 'बी'वर ठेवून कळ दाबून उभी. कागदावर दूरच्या देवळाचा कळस उलटा उमटला. तो रेखीव दिसेपर्यंत भिंग फिरवले आणि कडीवरची अनंताची खूण तिथे आणून स्क्रू आवळले. अंधाऱ्या खोलीत भात्यामध्ये बॅटरी लावली, तर दोन कोपऱ्यांत चांदण्या! तिथे काळा रंग भरला.

संध्याकाळी कॅमेरा मुकाट्याने आजोबांच्या हातात दिला. त्यांना आता नीट दिसत नाही. बोटांनी चाचपत ते कडीपर्यंत आले. कडी फिरली. त्यांनी ती मागे फिरवली, पुन्हा पुढे.

"घट्ट झाली होती ना?" त्यांनी विचारले.

"हो. वंगण सुकलं होतं."

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मला वाटलं, माझ्याच बोटांतलं बळ गेलं. म्हणून ठेवून दिला."

मला काही बोलवेना. इतकी वर्षे आम्ही त्या कपाटातून कपबश्या काढत होतो आणि परत ठेवत होतो.

दुसऱ्या दिवशी रीळ भरले. पहिला फोटो आजोबांनी काढला, आजीचा. अंतर पावलांनी मी मोजले. कडी त्यांनी फिरवली.