भिंतीला कान लावला तेव्हा

"बाई, विजापूर म्हणजे शत्रूचं गाव ना? मग तुम्ही तिकडं कशाला जाताय?"

चौथीच्या वर्गात हा प्रश्न आला आणि मी हातात खडू धरून तशीच उभी राहिले. त्या मुलाचं काही चुकलं नव्हतं. चौथीला आपण शिवाजी महाराजांचा इतिहास शिकतो. त्यात आदिलशहा विजापूरचा, अफजलखान निघाला तोही विजापूरहूनच. मग दुसरं काय वाटणार? "बघून येते आणि सांगते," असं म्हणून मी वेळ मारून नेली.

कार्तिक पौर्णिमेला गुरुनानक जयंतीची सुट्टी होती. माझी डी.एड.ची मैत्रीण तेव्हा अक्कलकोट तालुक्यात कन्नड शाळेवर शिकवत होती. "एकदा विजापूरला जायचंच," असं आम्ही दोघी बारा वर्षं नुसतं म्हणत होतो. शेवटी सकाळी सहाला सोलापूरच्या एस.टी. स्टँडवर भेटलो. तिच्या पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, माझ्या पिशवीत केळी. झाली तयारी!

सोलापूर ते विजापूर अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. टाकळी मागे पडली की भीमा नदीचा पूल लागतो. पुलाच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे कर्नाटक. शेतं तीच, ज्वारी तीच, पण पाट्यांवरची अक्षरं एकदम गोल गोल होतात. मुलांनो, रोज तुम्हांला वाचायला शिकवणारी तुमची बाई तिथं चक्क निरक्षर झाली! कुठली बस कुठं जाते तेही कळेना. पहिलीतलं मूल पुस्तकाकडे बघतं तशी मी पाट्यांकडे बघत होते आणि मैत्रीण एकेक अक्षर मला सांगत होती. गावाचं सरकारी नाव २०१४ पासून विजयपुरा झालं आहे. आपण सोलापूरकर मात्र विजापूरच म्हणतो.

उतरल्या उतरल्या टांगा केला. "एष्टु?" म्हणजे 'किती?' हा माझा पहिला कन्नड शब्द. पण उत्तर आलं ते समजेना, त्यामुळे त्याचा उपयोग काही झाला नाही.

आधी गोलघुमट. मुहम्मद आदिलशहाची ही कबर. त्याने १६२७ ते १६५६ राज्य केलं. आपले शहाजीराजे १६३६ नंतर याच्याच दरबारी होते. आत पाऊल टाकलं की मान आपोआप वर जाते. आतून घुमटाची रुंदी सुमारे १२४ फूट, आणि एवढ्या मोठ्या जागेत एकही खांब नाही! खालची खोली चौकोनी, वरचा घुमट गोल. मग चौकोनावर गोल बसवला कसा? बांधणाऱ्यांनी एकात एक गुंतलेल्या कमानी उभारल्या. त्यांनी चौकोनाचे कोपरे कापले, आणि त्यांवर घुमट बसला. घरी कागदाचे दोन सारखे चौकोन कापा आणि एकावर एक तिरपे ठेवा. आठ टोकांची चांदणी दिसेल. मधला भाग गोलाच्या किती जवळ गेला ते बघा.

चार कोपऱ्यांना सात-सात मजली मनोरे आहेत. त्यातल्या अरुंद जिन्याने धापा टाकत वर गेलो. घुमटाच्या आतून सगळीकडे सज्जा फिरतो. इथं भिंतीशी कुजबुजलं, तर समोरच्या बाजूला भिंतीला कान लावणाऱ्याला ऐकू येतं. आवाज गोल भिंतीच्या कडेकडेने सरकत जातो, वाटेत विखुरत नाही. टाळी वाजवली तर ती सात वेळा घुमते, असं सांगतात. पण आम्ही पोचलो तेव्हा दोन शाळांच्या सहली आधीच आत होत्या! दोनशे मुलं, दोनशे किंकाळ्या, आणि प्रत्येक किंकाळी कितीतरी वेळा. कुजबूज राहू दे, स्वतःचा आवाजही कळेना. सुट्टीच्या दिवशीसुद्धा मुलांच्या गोंगाटातच उभं राहायचं आमच्या नशिबी होतं. "संध्याकाळी परत येऊ," मैत्रीण माझ्या कानात ओरडली.

मग मुलुखमैदान तोफ. खूप मोठ्याने भाषण करणाऱ्याला आपण 'मुलुखमैदान तोफ' म्हणतो ना, तीच ही! १५४९ साली अहमदनगरला (आजचं अहिल्यानगर) ती ओतली. वजन सुमारे ५५ टन. तोंडाशी हत्तीला गिळणारा सिंह कोरला आहे. पुढे ती आपल्या परंड्याच्या किल्ल्यावर होती. तिथून १६३२ साली विजापूरला आणली, तेव्हा तिला ओढायला दहा हत्ती आणि चारशे बैल लागले, असं सांगतात. इंग्रजांनी १८५४ मध्ये तिचा लिलाव केला तर बोली आली दीडशे रुपयांची! मग तो लिलाव रद्द झाला. बरंच झालं म्हणायचं.

जुम्मा मशीद आणि अर्धवट राहिलेली बारा कमान धावतपळत पाहिली. भाकरी खाल्ली ती इब्राहिम रोजाच्या बाहेर, झाडाखाली. इथं मला माझ्या चौथीच्या मुलांसाठी खरी गोष्ट सापडली. दुसरा इब्राहिम आदिलशहा गादीवर आला तेव्हा नऊ वर्षांचा होता. तुमच्याएवढाच! राज्य सांभाळत होती त्याची काकू, चांदबीबी. ही अहमदनगरची लेक. तिच्या लग्नात विजापूरकरांना आंदण काय मिळालं असेल? आपला सोलापूरचा किल्ला! हा मुलगा पुढे गाण्याचा इतका वेडा निघाला, की त्याने 'किताब-ए-नौरस' नावाचं गीतांचं पुस्तक लिहिलं आणि त्यात सरस्वतीला वंदन केलं. लोक त्याला 'जगद्गुरू' म्हणत. त्याच्या रोजाच्या खिडक्यांची जाळी नुसती नक्षी नाही, दगडात कोरलेली अक्षरं आहेत. ती अक्षरं मलाही वाचता आली नाहीत आणि मैत्रिणीलाही. त्यामुळे मला जरा बरं वाटलं!

संध्याकाळी पुन्हा तिकीट काढून गोलघुमट चढलो. बंद व्हायची वेळ जवळ आलेली, सज्ज्यात फारसं कुणी नव्हतं. मैत्रीण पलीकडे गेली, इवलीशी दिसत होती. मी थंडगार भिंतीला कान लावला. आणि तिचा आवाज आला, अगदी शेजारी बसल्यासारखा.

"माझी बदली झाली गं. जतला. सोमवारी हजर व्हायचंय."

जत सांगली जिल्ह्यात. तिचे यजमान तिथंच नोकरीला. चार वर्षं ती या बदलीची वाट बघत होती. सकाळपासून शंभरदा बोललो, पण हे तिला समोरासमोर सांगवेना. मी भिंतीशी तोंड नेलं. अभिनंदन म्हणायचं होतं. तोंडून निघालं, "मग पाट्या मला कोण वाचून दाखवणार?"

पलीकडून हसणं ऐकू आलं. मग नाक ओढल्याचा आवाज. तोसुद्धा स्पष्ट!

परतताना भीमेच्या पुलावर पूर्ण चंद्र होता. आम्ही उरलेली केळी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी वर्गात नऊ वर्षांच्या राजाची गोष्ट सांगितली. प्रश्न विचारणारा मुलगा हनुवटीवर हात ठेवून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "बाई, टाळी सात वेळा वाजली का?"

"पाचपर्यंत मोजली, मग गोंधळ झाला."

"मग परत जावं लागंल की," तो म्हणाला. "या वेळी आम्हाला घेऊन चला. आम्ही मोजतो."

सहलीच्या परवानगीचा अर्ज मी कालच लिहिला आहे.