बेलच्या मागची हिरवी वायर

संपादकांचा निरोप एका ओळीचा होता: ‘व्हिडिओ डोअरबेल घरी वायरवर कशी घ्यायची ते सोप्या भाषेत लिहा, फार तांत्रिक नको.’ नागपुरात सदरला माझं दुकान आहे, वायरिंगची कामं घेतो, आणि या बेलची चौकशी करायला सारखं कुणी ना कुणी येत असतं. त्यामुळे विषय अगदी वेळेवरचा आहे. मात्र भिंतीतल्या वायरमधून काय जातं-येतं ते न सांगता बेल जोडायची रीत तेवढी सांगायची, हे माझ्याने होणार नाही. जमेल तितकं सोपं करतो. काही ठिकाणी वाचकांनी थोडा दम धरावा.

बेलची गरज खरी आहे, हे आधी सांगतो. रेसिडेन्सी रोडच्या मागच्या गल्ल्यांत जुने बंगले पाडून फ्लॅट स्कीम उभ्या राहिल्या. तिथे कितीतरी दारांआड सत्तरीच्या पुढची माणसं दोघंच राहतात. मुलगा पुण्याला, मुलगी बाहेर देशात. दारात कोण आहे ते उठून, कडी काढून बघण्यापेक्षा जागेवर बसून दिसलेलं बरं. घरच्या कॅमेऱ्याची कल्पनाच मुळात अशा एकटेपणातून निघाली. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नावाची परिचारिका राहायची. तिच्या आणि नवऱ्याच्या कामाच्या वेळा जुळत नसत, त्यामुळे ती पुष्कळदा घरी एकटी असे. नवरा इलेक्ट्रॉनिक्सचा तंत्रज्ञ होता. १९६६ साली दोघांनी मिळून दाराच्या भोकांवर सरकणारा कॅमेरा, आतल्या खोलीत टीव्हीचा पडदा आणि बसल्या जागेवरून दार उघडायची सोय असा संच मांडला. त्याचं पेटंट १९६९ च्या डिसेंबरात मिळालं. आज बाजारात मिळणाऱ्या प्रत्येक व्हिडिओ बेलचं मूळ त्या जोडप्याच्या खटपटीत आहे, आणि मला त्या दोघांबद्दल फार आदर वाटतो.

आता वायरकडे येतो. अमेरिकेत बेलची वायर वेगळीच असते. घरात कुठेतरी एक छोटा ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो. तो त्यांची १२० व्होल्टची वीज १६ ते २४ व्होल्टवर आणतो, आणि बेलच्या बटणापर्यंत तेवढीच जाते. म्हणून तिकडच्या व्हिडिओंमध्ये माणूस जुनं बटण उपटतो, दोन वायरी चिमटीत धरतो आणि नव्या बेलच्या स्क्रूखाली दाबतो. आपल्याकडे बटणाच्या मागे सरळ २३० व्होल्ट असतात. तो व्हिडिओ बघून स्क्रूड्रायव्हर हातात घेणाऱ्यांना मी दुकानात थांबवून हे सांगतो. त्यावर बहुतेकांचा प्रश्न एकच: ‘बेलच्या बटणात एवढं काय असतं?’ तेवढंच असतं, जेवढं गीझरच्या स्विचमध्ये असतं. परदेशातून नातेवाइकांनी पाठवलेली २४ व्होल्टची बेल २३० वर जोडली, तर ती त्याच क्षणी जळते. पैसे गेले, एवढ्यावरच भागलं तर नशीब.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. आपल्या बटणाच्या डब्यात दोन वायरी असतात, पण त्या फेज आणि न्यूट्रल नसतात. एक फेज बोर्डावरून बटणाकडे येते, दुसरी बटण दाबल्यावर तीच फेज घेऊन आतल्या टिंग-टाँग बेलकडे जाते. न्यूट्रल आत बेलजवळच थांबलेला असतो. जुन्या बेलला एवढं पुरायचं, कारण तिला वीज बटण दाबल्यावरच लागायची: कॉइल ओढली गेली की लोखंडी दांडा एका पट्टीवर आपटतो, बोट काढलं की स्प्रिंगने परत येऊन दुसऱ्या पट्टीवर. व्हिडिओ बेल चोवीस तास जागी असते. कॅमेरा, वाय-फाय, रात्री अंधारात बघायचे इन्फ्रारेड एलईडी, सगळ्यांना सतत करंट लागतो, आणि त्यासाठी जायची आणि यायची अशा दोन्ही वाटा हव्यात.

बरोबर रीत अवघड नाही. दाराच्या आतल्या बाजूला बहुतेक घरांत एक स्विचबोर्ड असतो आणि बटणाच्या दोन्ही वायरी तिथूनच निघालेल्या असतात. मेन बंद करायचा, मल्टिमीटरने खात्री करायची आणि त्या दोन्ही वायरी बोर्डातून सोडवायच्या. बोर्डात प्लगपॉइंट असला तर तिथे न्यूट्रल मिळतोच. त्यावर २३० व्होल्टचे २४ करणारा चांगल्या प्रतीचा ट्रान्सफॉर्मर बसवायचा आणि त्याचे २४ व्होल्ट त्या सोडवलेल्या वायरींवर द्यायचे. झिरी मारायची गरज नाही, रंग खराब होत नाही. जुनी बेल काढून आत प्लगमध्ये लावायचा चाइम ठेवायचा. एक चिठ्ठी मात्र बोर्डाच्या आत चिकटवायची, की या लाल वायरींत आता २४ व्होल्ट आहेत. पुढच्या वायरमनवर तेवढे उपकार करावेत.

काही बेल पाच व्होल्टच्या मोबाइल चार्जरवर चालतात. तिथे अंतर बघावं लागतं. अर्धा चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पंधरा मीटर नेली, तर जाऊन-येऊन तीस मीटर होते आणि तिचा रोध सुमारे एक ओहम भरतो. बेलने एक अँपिअर ओढला की एक व्होल्ट वाटेतच संपतो. पाचातला एक जाणं म्हणजे फार झालं. दिवसा बेल चालते, आणि अंधारात एलईडी लागले की बंद पडून पुन्हा सुरू होते. लोक कंपनीला दोष देतात, बेल बदलून आणतात, नवीही तेच करते. चोविसातला एक गेला तर कुणाला कळतही नाही.

‘मग बॅटरीची बेल काय वाईट?’ असं विचारतात. नागपुरात पश्चिमेच्या भिंतीवर ती लावूच नये, असं माझं ठाम मत आहे. लिथियमची बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, हा तिचा साधा नियम. २३ मे २०१३ ला इथलं तापमान ४७.९ वर गेलं होतं, आणि तो आकडा सावलीतला असतो. दुपारच्या उन्हात तापलेल्या भिंतीवर काळा प्लास्टिकचा डबा किती तापतो ते हात लावून बघावं. ज्यांच्या दारावर कायम सावली आहे त्यांनी खुशाल बॅटरी घ्यावी.

कॅमेऱ्याच्या नजरेबद्दल थोडक्यात. समोरासमोर दारं असतील तर शेजाऱ्याचं दार चित्रातून झाकायची सोय बहुतेक ॲपमध्ये असते, ती वापरावी. इंग्लंडमध्ये २०२१ साली अशाच बेलच्या आणि कॅमेऱ्यांच्या प्रकरणात ऑक्सफर्डच्या न्यायालयाने शेजारणीच्या बाजूने निकाल दिला. आपल्याकडे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्या पीठात सदरशेजारच्याच सिव्हिल लाइन्समधल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठात वकिली केलेले शरद बोबडे होते. वायरमनला कायदा कळत नाही असं समजून ‘जरा त्यांच्या दाराकडे वळवा ना’ असं मला कुणी सांगू नये.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर हा लेख लिहायला बसलो, तिच्याकडे वळतो. बटणाच्या डब्यात न्यूट्रल नाही, आणि आत ट्रान्सफॉर्मर बसवायचा वेळ नाही किंवा माहिती नाही. मग बेल बसवायला आलेली पोरं काय करतात? जवळच्या सॉकेटमधली हिरवी वायर, म्हणजे अर्थिंग, ओढून आणतात आणि तिलाच न्यूट्रल म्हणून वापरतात. टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थिंगमध्ये धरला की लख्ख पेटतो, बेल सुरू होते, गिऱ्हाईक खूश. त्यांना टोकलं तर उत्तर तयार असतं: ‘डीपीवर न्यूट्रल शेवटी जमिनीतच तर जातो, दोन्ही एकच.’ या वाक्याशी मी कित्येक वर्षं भांडतो आहे. डीपीच्या, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरच्या, पायाशी दोन्ही एकत्र येतात, हे खरं. पण वाटा वेगळ्या आहेत आणि त्या वेगळ्या ठेवण्यातच सगळं आहे. न्यूट्रल हा रोजचा जिना आहे आणि अर्थिंग ही आग लागली तर पळायची वाट. त्या वाटेवरून रोजची ये-जा सुरू केली, तर आग लागेल त्या दिवशी ती मोकळी मिळेल याची शाश्वती उरत नाही. न्यूट्रलची वायर घरातल्या कुठल्या धातूला चिकटलेली नसते. हिरवी वायर मात्र फ्रिज, गीझर, वॉशिंग मशीन आणि कूलर, सगळ्यांच्या पत्र्याला जोडलेली असते.

गेल्या उन्हाळ्यात सदरमधल्याच एका स्कीममधून फोन आला. काका म्हणाले, “भाऊ, बेल बंद पडून राहिली. दिवसातून कितीदा. पोरगा पुण्याहून फोन करून राहिला की आई-बाबा दिसत नाहीत.” मी गेलो. बेल महिनाभरापूर्वीच बसवलेली होती. काकांनी सुरुवातीपासूनची हकिकत सांगितली. बेल लावली त्याच दिवसापासून दिवेलागणीला घरातली सगळी लाइन जायची. दिवसा काही नाही, संध्याकाळी बरोबर ट्रिप. बसवणाऱ्याने फोनवरच सांगितलं की तुमचा आरसीसीबी खराब आहे. मग कुणाला तरी बोलावून तो ‘डायरेक्ट’ करून घेतला. त्यानंतर दोन-तीन आठवडे सगळं छान चाललं. आणि आता बेलच बंद पडायला लागली.

आरसीसीबी खराब नव्हता, तो आपलं काम करत होता. एमसीबी वायरीला वाचवतो, आरसीसीबी माणसाला. फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्याच्या आतल्या एका कड्यातून जातात. गेलेला करंट तेवढाच परत आला तर तो गप्प बसतो. काही करंट दुसऱ्याच वाटेने गेला तर तो पडतो. घरगुती आरसीसीबीवर ३० मिलिअँपिअर लिहिलेलं असतं. तीसपर्यंत तो पडलाच पाहिजे, आणि पंधराच्या वर कधीही पडू शकतो. अमेरिकेत बर्कलेचे प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर मोजून दाखवलं होतं की सरासरी पुरुषाला १६ आणि बाईला साडेदहा मिलिअँपिअरच्या पुढे पकडलेली तार सोडवता येत नाही. हे तीस त्या जगातले आहेत. दिवसा ती बेल थोडका करंट हिरव्या वायरीतून परत पाठवत होती, आरसीसीबी कसाबसा टिकत होता. अंधार पडला, इन्फ्रारेड एलईडी लागले, करंट वाढला आणि तो पडला. तो रोज संध्याकाळी सांगत होता, आणि त्यालाच काढून टाकलं.

बेलच्या मागचा डबा उघडला तर हिरवी वायर होतीच. मी मेन बंद करायला वळलो तेव्हा काकू सहज म्हणाल्या, “बाकी सगळं ठीक आहे भाऊ. कूलरमध्ये पाणी टाकताना तेवढ्या हाताला मुंग्या येतात.” मी त्यांना कूलरपासून दूर व्हायला सांगितलं आणि मीटर लावला. कूलरचा पत्रा आणि न्यूट्रल यांच्यामध्ये दोनशेच्या आसपास व्होल्ट दाखवत होता. खाली जाऊन पाहिलं: अर्थ पिटमध्ये उतरणारी जीआय पट्टी जमिनीलगत गंजून तुटली होती, माती भेगाळून कोरडी ठणठणीत. बेल का बंद पडत होती ते तिथे कळलं. तिचा करंट परत जायची वाट तुटली होती. फेज बेलच्या ॲडॅप्टरमधून हिरव्या वायरीत येऊन कूलरच्या पत्र्यावर वाट बघत थांबली होती. काकूंच्या पायात रबरी चपला होत्या. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. ते वाचून लोक म्हणतात कूलरमध्ये बिघाड होता. इथे कूलर संपूर्ण निर्दोष होता.

त्या दुपारी हिरवी वायर सोडवली, आरसीसीबी पुन्हा जोडला, बोर्डात ट्रान्सफॉर्मर बसवून बेल चालू करून दिली. काका पैसे देताना म्हणाले, “बेलपेक्षा वायरचाच खर्च जास्त झाला.” यावर मी काही बोललो नाही, पण कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे महिनाभर पारखणारी माणसं दोनशे रुपयांच्या वायरीवर घासाघीस करतात, याचं मला वाईट वाटतं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम २०१० साली आले, २०२३ मध्ये नव्याने आले. अर्थ-लीकेजपासून संरक्षण दोन्हींत आहे. अर्थिंगसाठी आयएस ३०४३ हे अख्खं मानक आहे. नियम कमी पडत नाहीत.

ते घर नीट झालं. तरी तेवढ्यावर माझं मन स्वस्थ होत नाही, याला कारण आहे. इमारतीचं अर्थिंग सामाईक असतं. एका फ्लॅटच्या बेलने हिरव्या वायरीत सोडलेली फेज वरच्या मजल्यावरच्या कूलरवरही जाऊन बसते. वरच्यांनी कर्तव्यबुद्धीने चांगला आरसीसीबी लावला असला, तरी तो पडणार नाही. शॉक देणारा करंट त्यांच्या मीटरमधून निघालेलाच नाही, त्यामुळे त्यांच्या कड्याला काहीच फरक दिसत नाही. ज्याच्या घरून तो निघाला तिथला आरसीसीबी कुणीतरी ‘डायरेक्ट’ केलेला. त्याच माणसाने त्या स्कीममध्ये आणखीही बेल बसवल्या आहेत, हे काकांनीच सांगितलं.

मी जिन्याने फिरून दारं वाजवली. काहींनी डबा उघडून बघू दिला, आणि तिथेही तीच हिरवी वायर निघाली. काहींनी ‘आमची बेल छान चालते’ म्हणून दार लावून घेतलं. जीआय पट्टी सेक्रेटरींनी लगेच बदलून घेतली. अर्थ पिटचा रोध मोजायचा विषय ते पुढच्या सभेत घेणार आहेत. मोजणी दिवाळीत नको, मे महिन्यात करू, असं मी त्यांना सांगितलं आहे. ओल्या मातीत आकडा कमी येतो, आणि कूलर सुरू असतात ते माती सुकल्यावर.