पहिला वारा

वाद तसा क्षुल्लक होता. वीतभराहून थोडी अधिक लांब अशी अ‍ॅल्युमिनियमची एक जाळी लोखंडी डब्याच्या पुढच्या अंगाला बसवावी कीं छताला, एवढाच काय तो प्रश्न. परंतु वैशाखांतल्या बार्शीटाकळींत वाऱ्यासंबंधींचा कोणताहि प्रश्न क्षुल्लक राहत नाहीं. आमच्या अकोला जिल्ह्यांत २०२४ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस उष्म्यापायीं १४४ कलम लागू करावें लागलें होतें, हें वाचकांना स्मरत असेल. दंगेखोरांसाठीं केलेलें कलम सूर्यनारायणामुळें लागू व्हावें, यांतच आमच्या मुलखाचें सारें वर्णन आलें!

डबा माझ्या कन्येच्या संगणकाचा. ती पुण्या-मुंबईच्या वास्तुविशारदांना न बांधलेल्या घरांचीं चित्रें करून देते. अशीं हुबेहूब, कीं भिंतीवरचें ऊन खरें वाटावें. हें काम ती येथें, आजोबांनीं बांधलेल्या मातीच्या जाड भिंतींच्या घरांत बसून करते आणि त्यावर आपला चरितार्थ चालविते. एकेका चित्रासाठीं यंत्र रात्र-रात्र राबतें आणि तापतें. गेल्या उन्हाळ्यांत तें ऐन कामांत दोनदां आपणहून बंद पडलें, एका गिऱ्हाइकाची मुदत हुकली, आणि त्याचें पुढचें काम दुसरीकडे गेलें. ती बोलली कांहीं नाहीं; पण दोन दिवस जेवणावर तिचें लक्ष नव्हतें. तेव्हां नुसत्या पंख्यावर विसंबून न राहतां द्रवानें थंड होणारी योजना करावी असें ठरलें, आणि आम्हीं ती अकोल्याहून बसवून आणली.

योजना मोठी साधी आहे. प्रोसेसर हा संगणकाचा मेंदू. त्याच्या माथ्यावर तांब्याच्या तळाची एक टिकली घट्ट बसविलेली असते व तिच्यांतच एक चिमुकला पंप असतो. तापलेला द्रव रबरी नळीनें रेडिएटरमध्यें जातो, पंखे त्याच्या पात्यांतून वारा घालतात, आणि निवालेला द्रव दुसऱ्या नळीनें परत येतो. कल्पना नवी नाहीं. १९८५ सालचा क्रे-२ हा महासंगणक तर वीज न वाहणाऱ्या एका द्रवांत अख्खा बुडविलेला असे. आमच्याच जिल्ह्यांतील मुरंबा गांवीं जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं पुण्याच्या सी-डॅकनें १९९१ सालीं 'परम ८०००' घडविला. त्याच मालिकेंतला 'परम ब्रह्म' पुण्याच्या आयसर संस्थेंत २०१९ सालीं बसला, त्यालाहि द्रवच थंड ठेवतो. एवढ्या थोरामोठ्यांनीं पत्करलेली वाट आमच्या घरीं आली, याचा मला थोडासा अभिमानच वाटला.

तो दुसऱ्या रात्रींपर्यंत टिकला. रात्रीं डब्यांतून हुक्क्यासारखा गुडगुड आवाज येऊं लागला. कन्येनें झांकण काढून पाहिलें. दुकानदारानें रेडिएटर पुढच्या अंगाला, अगदीं खालीं, नळ्यांचीं तोंडें वर करून बसविला होता. त्याचा माथा जेमतेम पंपाच्या पातळीला येत होता. आतां गंमत अशी, कीं कारखान्यांत मोहरबंद केलेल्या या नळ्यांतहि थोडी हवा राहतेच, आणि वर्षें जातात तसतसें रबरांतून पाणी कणाकणानें उडून ती वाढते. हवा सर्वांत उंच जागा धरते. ती जागा रेडिएटरच्या माथ्याची असली तर बिचारी तेथें निमूट पडून राहते. पण पंपाची असली तर पंप द्रवाऐवजीं हवा घुसळूं लागतो, कुरकुरतो, आणि अखेर झिजतो. तेव्हां रेडिएटरचा माथा पंपाहून उंच असलाच पाहिजे. तळाला रेडिएटर बसविणें म्हणजे तर पंपाला मुद्दाम शिखरावर नेऊन ठेवणें.

म्हणजे जागा उरल्या दोन. एक पुढची, पण नळ्या खालच्या बाजूस करून आणि माथा पंपाच्या वर चढवून, दुसरी छताची. मीं पुढच्या जागेचा पक्ष घेतला. मी इंग्रजी वाङ्मयाचा प्राध्यापक. पदार्थविज्ञानाशीं माझा संबंध दहावीनंतर तुटला तो कायमचाच. पण मोटारीचा रेडिएटर तोंडाशीं असतो हें मला ठाऊक होतें, आणि कर्त्याला पहिला वारा मिळावा हें इतकें स्वाभाविक वाटलें, कीं त्याला पुरावा लागेल असें मनांतहि आलें नाहीं.

"मेंदू थंड राहील हें खरें, बाबा," कन्या म्हणाली. "पण त्याची ऊब घेतलेला तोच वारा मग डब्यांत फिरणार. ग्राफिक्स कार्डाला तोच ओढून घ्यावा लागणार. छताला बसविला तर पुढच्या पंख्यांचा ताजा वारा आधीं कार्डाला मिळेल, आणि सगळ्यांची ऊब घेतलेली हवा रेडिएटरमधून वर निघून जाईल. मेंदूला चार अंश जास्त सोसावे लागतील, एवढेंच."

शिवाय तिनें कापसाचा मुद्दा काढला. आमच्याकडे हवेंत कापसाचे तंतु उडतच असतात. पुढें बसविलेल्या जाळीच्या पात्यांत ते ओल्या वातीसारखे चिकटून बसतात, आणि मग वाऱ्याची वाटच बंद होते. मुद्दा बिनतोड होता; म्हणूनच मीं तो ऐकला न ऐकलासा केला आणि विचारलें, "पण मेंदूहून मोठें असें त्या डब्यांत आहे तरी कोण?"

माझी आई ब्याऐंशी वर्षांची आहे. ती जवळच तांदूळ निवडीत बसली होती. संगणकांतलें तिला कांहीं कळत नाहीं, पण वाद कळतो. सुपांतून मान वर न करतां तिनें नातीला विचारलें, "त्या डब्यांत सैपाक कोन करते?"

"कार्ड करतें, आजी. चित्राचें सारें राबणें त्याचें. प्रोसेसर काम वांटून देतो."

"मंग वारा त्याले द्या."

मी गप्प झालों. १९८० च्या सुमारास आमच्या घरीं पहिला पत्र्याचा कूलर आला, तो बैठकीच्या खिडकीला बसला. वडील तेथें बसत. दुसऱ्या कोणत्या खिडकीचा विचार झाल्याचें मला आठवत नाहीं. बसवायला आलेल्या मिस्त्रीनें बजावलें होतें, "सर, कूलर कितीबी मोठा घ्या, मांगचं दार बंद असन तं काई कामाचा नाई." म्हणून परसाचें दार उघडें राही, आणि बैठकींतून निघालेला वारा स्वयंपाकघरांतून बाहेर पडे. तेथें पोचेपर्यंत त्याचा थंडपणा सरलेला असे, ओल तेवढी उरलेली असे. चुलीच्या धगींत ती ओल अंगाला चिकटे. आम्ही भावंडें कूलरसमोर पुस्तकें घेऊन लोळत असूं. आई भाकरी थापतां थापतां मध्येंच पदरानें तोंड पुशीत दाराशीं येऊन क्षणभर उभी राही, आणि "दूध उतू जाईन" म्हणून परत फिरे. कूलरमुळें घरभर गारवा झाला, असें वडील पाहुण्यांना सांगत. मीहि शाळेंत तेंच सांगे.

रविवारीं आम्हीं बापलेकींनीं रेडिएटर उतरवून छताला चढविला. आठ स्क्रू आणि एक दुपार. त्यांतले दोन स्क्रू माझ्या हातून कार्डाच्या मागें पडले, ते शोधण्यांतच दुपारीचा अर्धा भाग गेला. गुडगुड थांबली. खोलींत एक्केचाळीस अंश असतां कार्ड पूर्वीं शहाऐंशीपर्यंत तापे, तें अठ्ठ्याहत्तरावर थांबलें. प्रोसेसर एकाहत्तराचा पंचाहत्तरावर गेला आणि त्याची कांहीं तक्रार दिसली नाहीं. याहून खालीं मात्र उतरायचें तर खोलीच थंड केली पाहिजे. द्रव कितीहि खेळविला तरी तो भोंवतालच्या हवेहून गार होत नाहीं. रेडिएटर उष्णता नुसती इकडची तिकडे नेऊन टाकतो.

म्हणून कूलरचा विषय निघाला. तो मूळचा नव्हे, तिसरा कीं चौथा. पण खिडकी तीच. संगणकाच्या थेट समोर तो ठेवतां येत नाहीं, कारण त्याच्या वाऱ्याबरोबर पाण्याचे तुषार येतात. मीं सुचविलें, कीं परसाकडच्या भिंतीला सध्यां नुसता झरोका आहे, तेथें खिडकी पाडावी आणि कूलर स्वयंपाकघराला लावावा. मिस्त्री म्हणतो, जुनी मातीची भिंत आहे, पावसाळ्याच्या तोंडावर हात लावूं नये. आईला विचारलें, तर ती म्हणाली, "मले काय इचारतं? सैपाक आतां सूनबाई करते. तिले इचार."

मीं अजून विचारलेलें नाहीं.