शोकेस निघाली, खिडकी मिळाली

२०२५ च्या ऑगस्ट महिन्यात वरळीच्या बी.डी.डी. चाळीतील ५५६ कुटुंबांना नव्या इमारतीतील घरांच्या चाव्या मिळाल्या. त्यांत आमची धाकटी बहीणही होती. लग्न होऊन गेल्यापासून १६० चौरस फुटांच्या खोलीत सासू, नवरा, दोन मुले आणि येणारे-जाणारे एवढा संसार तिने रेटला. आता तिला ५०० चौरस फुटांचे घर मिळाले. दोन दिवसांनी तिचा फोन आला, "दादा, तू रविवारी ये. इंटिरियरवाला कागद देऊन गेलाय. तुझं बी.कॉम. झालंय, तूच बघ."

कागद पाहिला. हॉलला फॉल्स सीलिंग, टीव्हीसाठी भिंतभर युनिट, काचेचे क्रॉकरी युनिट, दरवाज्यापाशी आरसा, बेडरूममध्ये छतापर्यंत कपाट. एकूण चार लाखांच्या आसपास. एक लाख घरात होते, उरलेले तीन लाख कर्जाने मिळतील असे तो इसमच सांगून गेला होता. आम्ही तिथेच पेन काढले. तीन लाख, १४ टक्के व्याज, पाच वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे ६,९८०, आणि पाच वर्षांत भरायचे चार लाख अठरा हजारांच्या वर. म्हणजे छताखाली दुसरे छत लावण्यासाठी लाखाच्या वर नुसते व्याज. बहिणीचा चेहरा उतरला. आमच्या बी.कॉम.चा उपयोग बहुधा लोकांचे चेहरे उतरवण्यापुरताच झालेला आहे.

पण हा हिशेब सांगण्याचा आम्हाला तसा काही अधिकार नव्हता. हीच चूक आम्ही नऊ वर्षांपूर्वी करून बसलो होतो. ती हकीकत या पानावर सांगावीशी वाटते. समाजातील अनेक कुटुंबे आज चाळीतून, वस्तीतून नव्या घरांत जात आहेत, आणि घर कसे सजवावे हा प्रश्न घरोघरी निघतो आहे.

आम्ही स्वतः अजून जुन्याच चाळीत राहतो. ज्यांनी बी.डी.डी. चाळी पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९२०च्या दशकात मुंबई सरकारच्या विकास खात्याने या चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती. मधोमध लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या, संडास सार्वजनिक, खोलीतच कोपऱ्यात मोरी. दार पॅसेजमध्ये उघडते आणि त्याच्या समोरच्या भिंतीला खिडकी. उजेड येतो तो त्या खिडकीतूनच.

२०१६ साली पतपेढीचे कर्ज काढून आम्ही खोलीला "लूक" दिला. भिंतींना गडद निळा ऑइल पेंट मारला, का तर डाग दिसत नाहीत. आणि ३८ हजारांची शोकेस करून घेतली. सहा फूट रुंद, मागे आरसा, वर तीन फोकस दिवे. दुसरीकडे जागा नव्हती म्हणून ती खिडकीच्या भिंतीला बसवली. तिने अर्धी खिडकी झाकली गेली. आईची खाट वर्षानुवर्षे त्या खिडकीखाली होती, ती मोरीशेजारच्या भिंतीला सरकवली. आई काहीच बोलली नाही. तिच्या न बोलण्याचा अर्थ आम्ही सोयीने "मान्य आहे" असा लावला.

शोकेसमध्ये काय होते? कधीही न वापरलेला कपबशांचा सेट, काचेचे दोन हंस, मुलाचे मोडके हेलिकॉप्टर. बाकी सगळे आमचे. जयंती मंडळाची ढाल, रक्तदान शिबिराचे स्मृतिचिन्ह, वह्यावाटपाच्या सत्काराची ढाल, पुढाऱ्यांबरोबरचे फोटो. मोजली तेव्हा बारा ढाली होत्या. घरी आलेला माणूस पहिल्यांदा तिकडेच बघायचा, आणि आम्ही तो कुठे बघतो आहे ते बघायचो.

२०१८ चा ऑक्टोबर. मोठी मुलगी दहावीला होती. एका वस्तीत विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात आमचे भाषण होते. विषय नेहमीचाच, शिक्षण. भाषणात आम्ही रामजी बाबांची गोष्ट सांगितली. परळच्या एका खोलीत सारे कुटुंब, भीमरावाच्या उशाशी जाते, पायाशी बकरी. म्हणून रामजी बाबा मुलाला लवकर झोपवत, स्वतः जागे राहत आणि रात्री दोन वाजता उठवून मिणमिणत्या दिव्यापाशी अभ्यासाला बसवत. खोली लहान असली तरी बापाने मुलासाठी त्यातून वेळेची जागा काढली, असे आम्ही म्हटले. टाळ्या पडल्या. तेरावी ढाल मिळाली.

रात्री साडेअकराला ढाल काखेत मारून जिना चढू लागलो, तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बल्बखाली मुलगी बसलेली. मांडीवर विज्ञानाचे पुस्तक, अंगावर आईची शाल. वरून एक शेजारी झोकांड्या खात उतरत होता. ती न बघताच सवयीने भिंतीला सरकली. त्या सरकण्यावरून कळले की ही आज पहिल्यांदा बसलेली नाही.

"इथं का बसलीस गं?"

"आत लाईट लावली की आजीच्या डोळ्यांवर येते, पप्पा. ऑपरेशन झाल्यापासून तिला झोप लागत नाही."

"किती दिवस बसतेस?"

"जूनपासून."

आत आलो. अंधारात शोकेसच्या आरशात पॅसेजमधला दिवा चमकत होता. ढाल कुठे ठेवावी ते सुचेना. ती पिशवीसकट खाटेखाली सारली. आमच्या आयुष्मती जाग्याच होत्या. त्या म्हणाल्या, "मी दोनदा सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, जयंतीनंतर बघू." कोणत्या वर्षीची जयंती ते आम्ही विचारले नाही.

त्याच आठवड्यात चाळीतल्याच एका सुतार मिस्त्रीला बोलावले. शोकेस काढायची म्हटल्यावर तो हळहळला. आरसा आणि काचा त्याने चार हजारांना घेतल्या आणि प्लायवूड आमच्याच कामाला आले. पण शोकेस निघून पूर्ण खिडकी मोकळी झाली तेव्हा आई दोन वर्षांनी बोलली, "माझी खाट आता परत खिडकीशी लावा."

आता आली पंचाईत. मुलीच्या टेबलासाठी आम्ही हीच जागा धरली होती. आईचे म्हणणे खोटे नव्हते. पाय अधू, जिना उतरवत नाही. खालचे मैदान, भाजीवाली, शाळेतून येणारी पोरे, हे सगळे जग तिला त्या खिडकीतून मिळत असे आणि आम्ही ते दोन वर्षे प्लायवूडने बंद केले होते. मुलगी म्हणाली, "राहू दे, मी जिन्यातच बसते." आई म्हणाली, "नको, मीच पडते मोरीजवळ." दोघी एकमेकींसाठी माघार घेत होत्या, आणि आम्ही, ज्यांनी सभेत शेकडो ठराव लिहिले, आम्हाला एक ओळ सुचत नव्हती.

तोड काढली आयुष्मतींनी. खाट खिडकीखाली, पण आडवी नाही, तर उभी, भिंतीला लावून. उरलेल्या अडीच-तीन फुटांत खिडकीच्या कठड्याखाली बिजागरीवर बसवलेली घडीची फळी. तीन फूट लांब, दीड फूट रुंद. दिवसा फळी खाली पडलेली, खिडकी आजीची. संध्याकाळी सातनंतर फळी वर, खिडकी नातीची. फळीची उंची मिस्त्रीने मुलीला स्टुलावर बसवून कोपरापाशी खूण करून घेतली. हे महत्त्वाचे आहे. टेबल कोपराच्या वर गेले की खांदे दुखतात आणि मूल अभ्यासाला कंटाळले असे आपण समजतो. खाट आणि फळी यांच्यामध्ये तारेवर आईच्या जुन्या नऊवारी लुगड्याचा दुहेरी पडदा. लुगडे जाड सुती, त्यातून उजेड फारसा पलीकडे जात नाही.

दिव्याचे गणित आम्हाला ठाऊक आहे असे वाटत होते. ट्यूबलाईट पाठीमागच्या भिंतीवर असेल तर आपल्याच डोक्याची सावली वहीवर पडते, म्हणून दिवा समोरून आणि डावीकडून हवा, असे वाचले होते. चिमट्याचा पाच वॅटचा एलईडी दिवा आणला आणि ऐटीत डावीकडे लावला. मुलगी लिहायला बसली आणि हसू लागली. "पप्पा, मी डावखुरी आहे." पंधरा वर्षांत हे आमच्या ध्यानात राहिले नव्हते. दिवा उजवीकडे गेला.

भिंतींचेही सांगितले पाहिजे. निळा रंग खरवडताना खाली ओल निघाली. ऑइल पेंटचा थर भिंतीतला ओलावा बाहेर पडू देत नाही, मग फुगे येतात आणि पापुद्रे सुटतात. मोरीच्या नळाचा सांधा गळत होता, तो आधी दुरुस्त केला, महिनाभर भिंत सुकू दिली, मग पुट्टी आणि फिकट साय रंगाचे डिस्टेंपर. छताला पांढरे. रंग आम्ही आणि मुलांनीच मारला, साडेतीन हजारांत भागले. संध्याकाळी दिवा लावायची वेळ अर्ध्या तासाने पुढे गेली. गडद भिंत उजेड गिळते, फिकट भिंत परत देते, एवढी साधी गोष्ट. कपाट भिंतीला चिकटवू नये, दोन बोटे अंतर ठेवावे, नाहीतर पावसाळ्यात कपड्यांना बुरशीचा वास लागतो.

तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर टीव्हीच्या डोक्यावर होती, भोवती लुकलुकणारे तोरण आणि धूळ बसलेले प्लॅस्टिकचे हार. खाली मालिका आणि वर वंदना, असा प्रकार. ती दारासमोरच्या मोकळ्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला घेतली, तोरण काढले. तिच्याखाली शोकेसच्या प्लायवूडच्या दोन फळ्या टाकून पुस्तके लावली. बॅनर आणि जाहीरनाम्यांचे गठ्ठे पोटमाळ्यावर गेले. स्वयंपाकाच्या बाजूला आम्ही हात लावला नाही. तिथली मांडणी पूर्वीपासूनच देखणी आहे. चढत्या क्रमाने डबे, उतरत्या क्रमाने ताटे, पितळेचा एक हंडा. आमच्या आयांना सजावट शिकवायला कोणी कागद घेऊन आले नव्हते.

मुलीला दहावीला ६८ टक्के मिळाले. फार नाहीत. पण त्या फळीवर पुढे बारावी झाली, आणि सध्या ती नोकरी सांभाळून रात्री बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाचा अभ्यास करते. आई गेली तेव्हा खाट निघाली. फळी मात्र अजूनही दिवसा खालीच पाडून ठेवतो.

हे सगळे बहिणीला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "दादा, तुझं बरोबर आहे. पण आयुष्य चाळीत काढलं रे. लग्नात आलेला कपांचा सेट अजून खोक्यात आहे. आता थोडं मिरवू दे की."

यावर आम्हाला चटकन उत्तर देता आले नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी आमच्या आजी-पणजींना नीटनेटके राहा, लुगडे नेसण्याची रीत बदला, असे सांगितले होते. गरिबासारखे दिसणे हा काही आपला धर्म नव्हे. आणि बाबासाहेब परळच्या चाळीतून दादरला राजगृहात गेले, ते घर साधेसुधे नव्हतेच. फक्त त्यात मोठा मान ग्रंथांना होता. बहिणीला मिरवायचे असेल तर तिने मिरवावे. नोकरी करून, रांगेत उभी राहून, पाणी भरून तिने तो हक्क मिळवला आहे.

तेव्हा टेप घेऊन घर मोजायला बसलो. फॉल्स सीलिंग रद्द झाले. छत त्याने सहा-आठ इंच खाली आले असते, आणि उंच खोलीत राहिलेल्या माणसाला ते डोक्यावर बसल्यासारखे वाटते. भिंतभर टीव्ही युनिटऐवजी साधी फळी. मुलांच्या खोलीत खिडकीपाशी दोघांसाठी एकच लांब टेबल, दोन दिवे. तिचा मुलगा उजवा, मुलगी डावखुरी, आत्यामामाकडचाच गुण. हे या वेळी आम्ही आधी विचारून घेतले.

तिच्या सासूबाईंचा प्रश्न मात्र टेपने सुटला नाही. नव्या इमारतीत दारे बंद असतात. पॅसेजमध्ये बसून तांदूळ निवडणारी बाई तिथे दिसत नाही. सासूबाई उघड्या दारात पाट टाकून बसतात आणि लिफ्टमधून कोण उतरते ते बघतात. त्यांच्यासाठी हॉलच्या खिडकीला लागून बसायला रुंद, पेटीसारखा बाक करायचे ठरले, आत गोधड्या राहतील. त्या म्हणाल्या, "कर बाबा. पण दार उघडंच ठेव."

खर्च दीड लाखावर आला. कर्ज पन्नास हजारांचेच लागेल. क्रॉकरी युनिट बहिणीने सोडले नाही. आकार निम्मा केला, आणि कपांचा सेट एकदाचा खोक्यातून निघाला. युनिटचा वरचा कप्पा रिकामा राहतो म्हणून ती आमच्याकडे एक ढाल मागते आहे. आम्ही तेराही देऊ केल्या. तिला एकच हवी आहे.